पानगी, गोधडी, मठारकाम: डिझाइन करणाऱ्यांना रोज कुठून सुचतं?

फुलपुडी

मी पॅकेजिंग डिझाइन करते: मिठाईचे डबे, मसाल्याची पाकिटं, बरण्यांची लेबलं, भेटवस्तूंची खोकी. "तुला हे सगळं सुचतं कुठून?" हा प्रश्न सतत येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एखादं मोठं प्रदर्शन किंवा परदेशी मासिक असतं. माझ्या कामाचा कच्चा माल मात्र मंडईच्या मागच्या गल्लीत, बुरूड आळीत, एसटी स्टँडवर आणि घरच्या ओट्यावर मिळतो. इथे शिवणारे, विणणारे, रांधणारे, भटकणारे बरेच जण आहेत, म्हणून विषय इथेच मांडते.

पानगी घ्या. केळीच्या पानाला तेलाचा हात लावायचा, त्यावर तांदळाचं पीठ थापायचं, वर दुसरं पान आणि सगळं तव्यावर. इथे पान हा साचा आहे, तेच भांडं आहे, तेच वेष्टण आहे. पान तपकिरी पडलं की उलटायची वेळ झाली, म्हणजे घड्याळही तेच. उघडल्यावर पानाच्या शिरा पानगीवर उमटलेल्या असतात आणि वास तर आधीच घरभर गेलेला असतो. एवढी कामं एका पानाने केली! नवीन खोका आखायला घेते तेव्हा मी स्वतःला विचारते, हा पुठ्ठा किती कामं करतोय? उत्तर "एकच" आलं तर कागद बाजूला ठेवते.

दुसरं उदाहरण दशमीचं. प्रवासाला निघायचं असलं की माझ्या सासूबाई अजूनही दशम्या करतात. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, फरक एवढाच. पण ती मऊ राहते आणि दुसऱ्या दिवशीही चांगली लागते. टिकाऊपणा डब्याने आणला नाही, पिठाने आणला. पदार्थ टिकत नाही म्हणून कुणी माझ्याकडे जाड प्लास्टिक मागायला आलं की मी आधी कृती विचारते. कधीकधी बदल तिथेच करायचा असतो.

आणि करंजीची मुरड. कड बंद करायची आहे, सारण तेलात उतरू द्यायचं नाही, म्हणून मुरड घालायची. ती सुंदर दिसते, पण सुंदर दिसण्यासाठी घातलेली नसते. टोपलीचा काठ बघा, बुरूड जिथे पट्ट्यांची टोकं आत वळवून बांधतो तिथेच टोपली सगळ्यात देखणी असते.

माझं म्हणणं असं, की हस्तकलेकडे बघताना आपण डिझायनर मंडळी फार पटकन नक्षी उचलतो. मोर, कोयरी, वारलीतली माणसं पिशवीवर छापली की काम संपलं. त्याआधी ती वस्तू कशी बांधली आहे आणि तशीच का बांधली आहे हे बघायला हवं. तिथे जे सापडतं ते दुसऱ्या मालात, दुसऱ्या वस्तूत कामाला येतं. तुमच्या रोजच्या बघण्यातलं असं काय आहे? सविस्तर लिहा, घाई नाही.

कसबेकर

वा, छान धागा. पुण्यातल्या तांबट आळीच्या शेजारी वाढलो, त्यामुळे मठारकामाबद्दल लिहायलाच हवं.

तांब्याचं भांडं घडवताना ते पुन्हा पुन्हा तापवावं लागतं आणि तापवलं की तांबं मऊ पडतं. मऊ भांडं वापरात टिकत नाही, पोचे येतात. म्हणून शेवटी ठोके घालतात, तेच मठारकाम: ओळीने, एकाशेजारी एक, सगळ्या अंगावर. त्या ठोक्यांनी धातू परत कठीण होतो. दिव्याच्या उजेडात चमकणारे ते खवले आपण नक्षी म्हणून विकत घेतो, पण मुळात ते भांड्याला आलेलं बळ आहे. फुलपुडी, तुमच्या मुरडीचाच हा भाऊ.

पेशवाईच्या काळात कोकणातून आलेली ही घराणी. बंब, हंडे, घंगाळं हे त्यांचं पूर्वीचं काम. घरोघरी गिझर आले आणि बंबाची मागणी संपली. आता त्याच हातोड्यांनी दिव्यांच्या छत्र्या, ताटल्या, पाण्याचे जग घडतात. नवीन वस्तू आखून देणाऱ्या डिझायनरांचा यात चांगला वाटा आहे, हेही सांगायला हवं. ज्यांनी आधी आळीत बसून ठोका समजून घेतला, त्यांच्या वस्तू चालल्या. कागदावर आकार काढून "असं करून द्या" म्हणणाऱ्यांच्या वस्तू पहिल्या नमुन्यापुढे गेलेल्या मी पाहिल्या नाहीत.

निशिगंध७

लोट्याची आठवण कुणी काढली नाही अजून! चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारतभर फिरून १९५८ साली आपल्या सरकारला एक अहवाल दिला. त्याच वाटेने पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आधुनिक डिझाइन शिक्षण देशात कसं आणावं, असा सरकारी विषय. आणि त्या अहवालात हे दोघं सगळ्यात जास्त रमलेत ते आपल्या साध्या लोट्यात.

लोटा करायचा तर काय काय विचारात घ्यावं लागेल याची त्यांनी लांबलचक प्रश्नावली दिली आहे. पाणी किती आणायचं, किती ओतायचं? धरणाऱ्या हाताचा आकार केवढा? डोक्यावर, कमरेवर, की हातात न्यायचा? भरलेला असताना तोल कुठे, रिकामा असताना कुठे? आतून घासता येतो का? दगडावर टेकवला की कसा वाजतो? मोडीत घातला तर काय येईल? आणि मग ते म्हणतात, हा लोटा कुणा एकाने आखलेला नाही, कित्येक पिढ्यांनी तो घडवत आणला.

मी फर्निचर आखते. नवीन खुर्ची सुरू करताना ही प्रश्नावली खुर्चीसाठी लिहून काढते, "कशी वाजते" हा प्रश्न धरून. ओढताना किंचाळणारी खुर्ची कितीही देखणी असली तरी घरात नकोशी होते.

धावदोरा

माझा विषय गोधडी. आईकडून शिकले, आता ऑर्डरीही घेते.

सगळ्यांना वरचे रंगीत तुकडे दिसतात. पण गोधडी म्हणजे आतले थर. जुनं सुती लुगडं आत लागतं, कारण वर्षानुवर्षं धुऊन ते मऊ झालेलं असतं आणि त्यात आता आटायचं काही उरलेलं नसतं. नवं कापड आत घातलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचा थर गोळा होतो. धावदोऱ्याचे टाके जितके जवळ, तितके थर एकमेकांना धरून राहतात. टाक्यांच्या ओळींनी जी लाट उठते, ती थर बांधल्यामुळे उठलेली असते.

इथून थोडं खाली, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्यांचे हे वंशज. त्या कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि काठाकाठाने फिरत फिरत आत मध्यापर्यंत येतात. तुकडे आधी जोडून मग शिवायचे असं नाही, तुकडा लावायचा आणि त्याच टाक्यात खालच्या थराला बांधून पुढे जायचं. आराखडा नसतो, पुढचा तुकडा हातात आला की ठरतं. चारही कोपऱ्यांना घडीच्या त्रिकोणी चिंध्यांची फुलं लावतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

हे कळल्यापासून मीही काठाकडून आत शिवते. कडा आधी पक्क्या झाल्या की मधल्या भागात मोकळेपणाने खेळता येतं. आमच्याकडे शेवटचा टाका घालण्याआधी आजी पोळीचा एक तुकडा आत ठेवायची, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. मीही ठेवते.

शिकाऊ

मी नाशिकला डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताई, आमच्या वर्गात प्रत्येक प्रोजेक्टची सुरुवात मोबाइलवर चित्रं गोळा करून होते. शेवटी सगळ्यांचे बोर्ड सारखेच दिसतात. सर म्हणतात स्वतःचं काहीतरी आणा. पण माझ्या गावात संग्रहालय नाही, कारागीरही फारसे उरलेले नाहीत. सुरुवात कुठून करू?

फुलपुडी

शिकाऊ, तुझ्या गावात आठवडी बाजार भरतो ना? मग पुष्कळ आहे.

बाजारात जा आणि एकच गोष्ट ठरवून बघ. उदाहरणार्थ, वस्तू बांधून कशा दिल्या जातात. मेथीच्या जुड्या कशाने बांधल्यात, कोंबडी कशातून नेतात, अंडी कशात रचतात, शेवची पुडी कशी दुमडतात आणि शेवटचं टोक कुठे खोचतात. फोटो काढू नकोस, निदान आधी तरी नको. चित्र काढ. पुडीचं चित्र काढायला बसलीस की कळेल, टोक नेमकं कुठे गेलं हे आपण पाहिलंच नव्हतं. मग परत बघावं लागतं. हे परत बघणंच कामाचं.

पुडी घरी आणून उलगड. कागदावर घड्यांच्या रेषा राहतात, तो तुझा आराखडा. पुन्हा दुमडून बघ. जमेपर्यंत बघ.

आणखी एक. ज्याची वस्तू बघतेस त्याच्याशी बोल आणि काहीतरी विकत घे. भाव माहीत असणं हा डिझाइनचाच भाग आहे. टोपली किती वेळात होते, बांबू कितीला पडतो, हे कळलं की तिचा आकार तसा का हेही कळायला लागतं.

रानभेंडी

फुलपुडी, धागा आवडला, पण एका ठिकाणी मला थांबायचं आहे. "नक्षी नंतर, बांधणी आधी" हे भांड्याला आणि टोपलीला लागू पडेल. वारलीला कसं लावणार? मी डहाणूकडची आहे.

लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहितात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी ठेचून. तो लिहिण्याचा मान सुवासिनींचा. चौकात पालघट देवी बसते, मगच लग्न लागतं. तिथे आकृती हीच वस्तू आहे, तिच्याखाली वेगळी बांधणी शोधायची नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ही रेषा भिंतीवरून कागदावर आणली, पुढे ती जगभर गेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत शेत, जाळं, मुंग्यांचं वारूळ, तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, सगळं होतं, कारण ते त्यांचं रोजचं जगणं होतं.

मला त्रास होतो तो चौक पायपुसण्यावर बघून. ज्याने छापलं त्याला तारपा नाच आणि देवचौक यांतला फरक विचारावासाही वाटला नाही. तारपा नाचाचं वर्तुळ पिशवीवर आलं तर कुणी काही म्हणणार नाही. चौकाचं तसं नाही.

फुलपुडी

रानभेंडी, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. "का" हा प्रश्न मी बांधणीला विचारते, तुम्ही तो आकृतीलाही विचारायला लावताय, आणि तो तिथे जास्त जड आहे. टोपलीचा काठ चुकीच्या जागी वापरला तर फार तर टोपली मोडेल. चौकाच्या बाबतीत कुणाच्या तरी देवीवर पाय पडतो. धागा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घ्यावा.

दूरची_वाट

जपानमधून लिहितोय, नोकरीनिमित्त काही वर्षं इथे आहे. प्रवासातलं खाणं आणि हस्तकला एकत्र आलेलं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही, म्हणून सांगतो.

इथे रेल्वे स्टेशनांवर त्या त्या गावचे डबे मिळतात, एकिबेन म्हणतात. गुन्मा प्रांतात योकोकावा नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथे १९५८ पासून एक डबा विकतात, 'तोगे नो कामामेशी'. तो चक्क मातीच्या भांड्यात येतो. आत भात, कोंबडी, बांबूचे कोंब, मशरूम, लावीचं अंडं, एक चेस्टनट, एक जर्दाळू. भांडं माशिको गावचं. माशिको हे कुंभारांचं जुनं गाव, १९२४ मध्ये हामादा शोजी हे मोठे कुंभार तिथे स्थायिक झाले आणि रोजच्या वापराच्या साध्या भांड्यांचं सौंदर्य त्यांनी जगाला दाखवलं.

स्टेशनवरचे डबे तेव्हा गारच असायचे. मातीचं जाड भांडं ऊब धरून ठेवतं, म्हणून गरम भात देता आला. खाऊन झाल्यावर भांडं कुणी टाकत नाही. माझ्या शेजारच्या आजी त्यात एका माणसाचा भात शिजवतात. माझ्याकडे एकात कढीपत्त्याचं रोप आहे.

आणि हे त्याच स्टेशनवर का सुरू झालं? पुढे उसुई घाटाचा मोठा चढ होता. गाडीला जास्तीची इंजिनं जोडायला योकोकावाला थांबावं लागायचं. त्या थांब्यात लोकांना भूक लागायची.

घाटवाट

दूरची_वाट, म्हणजे कर्जत!

कर्जतलाही हेच. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढायला मागून इंजिनं लावतात, म्हणून गाडी थांबते, आणि म्हणून कर्जतचा बटाटेवडा. खिडकीतून हात बाहेर, सुटे पैसे तयार, वडा-पाव-चटणी कागदात. थांबा थोडा आणि घ्यायचं खिडकीच्या गजांतून, म्हणून पदार्थ एका हातात मावणारा, न सांडणारा, तोडून द्यावा न लागणारा. वड्याचा आकार रेल्वेने ठरवला असं म्हणत नाही, पण तिथे तोच पदार्थ टिकला याला कारण आहे.

दोन देश, दोन घाट, तीच अडचण. एकाने मातीचं भांडं दिलं, एकाने वडा. अंगावर काटा आला वाचताना.

दूरची_वाट

घाटवाट, उसुई घाटातला तो मार्ग १९९७ मध्ये बंद झाला, नागानोकडे बुलेट ट्रेन सुरू झाली तेव्हा. इंजिनं जोडायचं कारणच संपलं. डबा मात्र अजून मिळतो, हमरस्त्यावरच्या दुकानातही.

तिल्ली

येवल्याहून. आमच्या घरात पैठणीचे माग आहेत.

धाग्यात सगळे फार प्रेमाने लिहिताय, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. पैठणीच्या काठ-पदराची नक्षी विणताना प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, असते. शेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवून पुढे जायचं, म्हणून अस्सल पैठणी उलट बाजूनेही तशीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. बांगडी मोराचा भरगच्च पदर असला की दिवसभरात बोटभर सरकला तरी समाधान मानायचं. मोर, मुनिया (पोपट), आसावली (फुलवेल) यांचे आकार कोनाकोनाचे का, तर ताणा-बाणा सरळ असतो, गोलाई पायऱ्यापायऱ्यांनीच घ्यावी लागते.

डिझायनर येतात. फोटो काढतात, आमच्याकडून दोन-तीन नमुने विणून घेतात, आवडलं म्हणतात. मग फोन बंद. काही महिन्यांनी तोच पदर पॉवरलूमवर किंवा छापील बघायला मिळतो. एका मोठ्या दुकानाने आमच्याबरोबर असं केलं, नाव घेत नाही. नमुना विणायला माग अडकतो, तेवढ्या दिवसांत चालू साडी पुढे गेली असती. त्या दिवसांची मजुरी कुणी देत नाही, "ऑर्डर आली की बघू" म्हणतात.

प्रेरणा घ्या, आनंद आहे. नमुन्याच्या दिवसाची मजुरी आधी द्या. ऑर्डर येवो न येवो.

फुलपुडी

तिल्ली दादा, हे शिकाऊसारख्या मुलांच्या अभ्यासक्रमात असायला हवं. मी माझ्या अंदाजपत्रकात 'नमुना-मजुरी' ही ओळ वेगळी लिहिते आणि ग्राहकाला ती काढू देत नाही. ग्राहक सुरुवातीला कुरकुरतात, मग देतात. ज्यांच्याकडे स्वतःचा व्यवसाय आहे त्या डिझायनरांनी हे सुरू केलं तर प्रथा पडेल.

पंचगंगा

तिल्लीभाऊ, आमच्याकडं कोल्हापुरात वेगळं नाही बघा. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायात आपली कोल्हापुरी दिसली आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही नव्हतं. गदारोळ झाला तेव्हा कंपनीनं भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून.

पण फुलपुडीताईंच्या मूळ प्रश्नावर यायचं तर चप्पल उघडून बघा. कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं. शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. दोन्ही बाजूंना कान असतात, ते तळात शिवलेले, आणि पट्टा त्या कानांत अडकलेला. चालताना जो ताण येतो तो कान घेतो. वेणी, गोंडा ही सजावट, कान नव्हे. नकली चपलेत कान नुसता चिकटवलेला असतो, पहिल्या पावसात सुटतो. नवी चप्पल चार दिवस चावते आणि मग पायाचा आकार घेते. तेल देत राहिलं तर वर्षानुवर्षं जाते.

माझा चुलतभाऊ त्याच कानाच्या पद्धतीनं लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा बसवायला लागलाय. वर कोल्हापुरीची एकही खूण नाही, पण जाणकाराला कळतं.

माणदेशी_मेंढरं

चिंचोक्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. घोंगडी विणण्याआधी लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके वाटून, शिजवून चिकट लापशी करायची आणि कुंच्याने धाग्यांवर ओढायची. धागा ताठ होतो, मागावर तुटत नाही. नवी घोंगडी म्हणून कडक लागते, वापरून मऊ पडते. रंग मेंढरांचाच, काळा आणि पांढरा.

सावंतवाडीच्या गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, पुठ्ठा तयार करतानाही चिंचोक्याची खळ लागते, वरून लाखेचा लेप. आमटीत चिंच गेली, बी घोंगडीला आणि पत्त्याला गेलं. आमच्या घरी चिंचोके फेकत नाहीत, मुलं सारीपाटालाही वापरतात.

अक्षरवेल

गंजिफांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मी अक्षरं आखतो आणि दशावतारी गंजिफा माझ्या टेबलावर कायम असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकशेवीस गोल पत्ते. मत्स्याचं पान म्हटलं की मासे मोजायचे, कूर्माचं की कासवं, परशुरामाचं की परशू. अक्षर न वाचता पान ओळखता आलं पाहिजे आणि हातात पंखा धरल्यावर नुसती कड दिसली तरी ओळखता आलं पाहिजे. मोबाइलच्या पडद्यावरचं चिन्ह आखताना माझी हीच कसोटी असते. ही कला जवळजवळ संपत आली होती. सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, १९७० च्या दशकात राहिलेल्या जुन्या कारागिराकडून ती शिकून राजवाड्यात पुन्हा सुरू केली.

खाण्याशी नातं म्हणाल तर 'मोदक' नावाचा देवनागरी फॉन्ट जरूर बघा, 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, फुकट मिळतो. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतली पोकळी जेमतेम रेघेएवढी उरते, आणि तरी वाचता येतात. आतली जागा किती कमी केली तरी अक्षर अक्षर राहतं, याचा तो अभ्यास आहे.

धावदोरा

बांधणीबद्दल एक राहिलं. इरकल साडीचा पदर अंगाला कसा जोडलेला असतो ते कधी जवळून बघा. अंगाचा ताणा सुती, पदराचा रेशमी. दोन्ही ताण्यांचे फासे एकमेकांत अडकवून जोड करतात, टोपतेनी म्हणतात. महाग रेशीम फक्त पदरापुरतं वापरलं जातं आणि जोड शिवणीसारखा टोचत नाही. काटकसरीतून आलेली ही युक्ती आणि साडीची ओळखही तीच. मी जाड पडद्याच्या कापडाला रेशमी पट्टा जोडायला हा विचार वापरला. फासे मागावरचे नाहीत, सुईने घातलेले, पण जोड सपाट बसला.

शिकाऊ

ताई, रविवारी बाजारात गेले होते. जुड्या बांधायला आमच्याकडे केळीच्या सोपटाचे ओले धागे वापरतात, हे मी आयुष्यभर बघितलं आणि आज पहिल्यांदा पाहिलं. बांधणाऱ्या मावशींनी सांगितलं, ओलं असताना बांधायचं, वाळलं की आपोआप आवळतं. गाठ मारत नाहीत, पिळून टोक आत खोचतात. चित्र काढलंय, सरांना दाखवणार आहे. प्रोजेक्ट भेटकार्डांच्या गठ्ठ्याचं आहे, रबर बँडऐवजी हे चालेल का?

फुलपुडी

शाब्बास! चालेल, पण वाळल्यावर किती आवळतं ते आधी मोज, नाहीतर कार्डांच्या कडा वाकतील. गठ्ठ्याच्या वर-खाली जाड पुठ्ठा ठेवून बघ. आणि मावशींना चित्र नक्की दाखव, सरांच्या आधी.

आता माझी अडचण. सध्या कडक भाकरीचं पॅकिंग करतेय. सोलापूरच्या एका बचत गटाचं काम आहे. भाकरी महिनोन्महिने टिकते, तो प्रश्न नाही, पण प्रवासात फुटतात. पुण्यापर्यंत निम्म्या चुरा होऊन येतात. मी खोक्यात कप्पे करून प्रत्येक चार भाकऱ्या वेगळ्या ठेवायच्या म्हणतेय. सोलापूरचं कुणी आहे का इथे?

सोलापूरकर

आहे की! कप्पे नकोत ताई. कप्प्यात मोकळी जागा राहते आणि भाकरी हलली की फुटते. आमची आई पत्र्याच्या गोल डब्यात एकावर एक गच्च रचते, डबा भाकरीच्या मापाचा. वर उरलेल्या जागेत धुतलेलं सुती कापड दाबून भरते आणि मग झाकण. मुंबईला मामाकडे एसटीच्या टपावरून डबा जायचा, तरी भाकऱ्या अख्ख्या निघायच्या. शेंगाचटणीची पुडी मात्र वेगळी ठेवा, तिचं तेल लागलं की भाकरी नरम पडते.

फुलपुडी

म्हणजे खोका चौकोनी नको, गोल आणि भाकरीच्या मापाचा. मापं सगळ्या बायकांच्या हातची सारखी येतात का? की डब्याच्या उंचीबरोबर रुंदीतही थोडी सूट ठेवावी लागेल?

सोलापूरकर

सारखी कुठली येणार, हाताने थापलेली असते. बोटभर सूट ठेवा आणि कडेला गुंडाळलेला कागद घाला. पुढच्या आठवड्यात आईला विचारून मापं टाकतो. बचत गटात ज्या बाईंचा हात मोठा, त्यांच्या भाकरीचं माप धरा.